बाटीगावची बहीण

शिरड शहापूरहून औंढ्याकडं जाताना एक कच्चा रस्ता फुटतो, तो बंजाऱ्यांच्या मोहतांड्यावर जातो. तिथं भिकाबाईचं घर विचारलं की लोक आधी हसायचे आणि मग म्हणायचे, "कोणती भिकाबाई? रडून बाटीगाव घालवलं ती?" अशा बाईची गोष्ट सांगायची तर त्या रडण्यापाशी यावंच लागतं. पण जरा मागून आलेलं बरं. नुसतं रडणं ऐकून माणसं निकाल देऊन मोकळी होतात, आणि भिकाबाईच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

भिकाबाई आणि मिराबाई या दोघी सख्ख्या बहिणी. त्यांची आई काचेच्या कामात अशी पटाईत होती की आजूबाजूच्या सात-आठ तांड्यांच्या नवऱ्या तिनं शिवलेला फेटिया आणि काचळी घालून सासरी जायच्या. तो भरजरी घागरा, ती पाठीवर बंदांनी बांधायची चोळी, आणि दोन्हींवर अंगभर आरसे. आरसे म्हणजे आज बाजारात पुडीनं मिळतात ते सपाट, कापलेले नव्हेत. गुजरातेकडचा एक काचवाला वर्षाआड यायचा. त्याच्या टोपलीत गवतात ठेवलेले काचेचे गोळे असायचे, नारळाएवढे, कांद्याच्या सालीसारखे पातळ, आतून पारा फिरवलेले. आई तो गोळा मांडीवर घ्यायची, कात्रीच्या मुठीनं एक टिचकी द्यायची आणि गोळा फोडायची. मग त्याच्या कपच्या पाण्याच्या परातीत बुडवून पाण्याखालीच कात्रीनं गोल कापायची. पाण्याबाहेर कात्री लावली की काचेला तडा गेलाच म्हणून समजा. कापून झाल्या की कडा विटेवर घासायच्या. गोळ्याची काच म्हणून प्रत्येक कपची थोडी बाकदार राहायची, आणि त्या बाकामुळं बाई नुसती उभी राहिली तरी अंगावर उजेड खेळायचा.

दोघी बहिणींनी आईचं काम वाटून घेतलं होतं. काच फोडायची आणि कापायची भिकाबाईनं, कापडावर टाका घालून बसवायची मिराबाईनं. भिकाबाईचा टाका वाकडा पडायचा आणि मिराबाईनं कात्री धरली की तिला घाम फुटायचा, त्यामुळं भांडण व्हायचं कारणच नव्हतं. पुढं भिकाबाई मोहतांड्यावर लालसिंगच्या घरात पडली आणि मिराबाईला आखाडा बाळापूरच्या बाजूच्या तांड्यावर दिलं. बाहत्तरच्या दुष्काळानंतर काचवाला यायचा बंद झाला. तो मेला, का त्याच्या गावच्या भट्ट्या विझल्या, कुणालाच कळलं नाही. त्यानंतर सपाट आरसे आले, त्यानंतर प्लास्टिकचे आले, आणि नव्वद साल उजाडेस्तोवर तांड्यावरच्या सुना सरळ साड्या नेसायला लागल्या. फेटिया ट्रंकेत गेले.

त्याचं भिकाबाईला फार वाईट वाटत नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं नेसावं. तिला खंत होती ती निराळीच. धाकटी लेक शिला हुशार होती, हिंगोलीला डी.एड.ला होती, हात नाजूक, बोटं स्थिर. भिकाबाईला वाटायचं, हा हात काचेचा आहे. आपल्या आईनं आपल्याला दिलं ते हिला द्यावं, मग तिनं फेटिया घालो न घालो. पण शिकवायचं तर गोळ्याची काच पाहिजे, आणि ती काच जगातून उठून गेली होती. जाड आरशावर कात्री चालत नाही. त्यात भिकाबाईच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला होता. उजव्या डोळ्यानं आधीच दगा दिला होता आणि डाव्यात धूर भरल्यागत झालं होतं. सगळ्या आयुष्यात तिनं देवाकडं दुसरं काही हट्टानं मागितलं नसेल, पण डोळे आहेत तोवर एक गोळा हाताला लागावा, एवढं ती मागायची.

आणि मग बंडोपंत आले.

बंडोपंत औंढ्याचे, देवळाच्या सेवेतल्या घराण्यातले, कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. नव्या हिंगोली जिल्ह्याला जेमतेम वर्ष झालं होतं आणि जो तो जिल्ह्याचं नाव काढायच्या मागं होता. बंडोपंतांची पुतणी नीलांबरी लग्न होऊन जर्मनीत गेली होती. तिथल्या डोंगरातलं तिचं गाव बाटेनटाल. गावाचा धंदा काचेचा. घरोघर काचेचे गोळे फुंकायचे, आतून चांदी फिरवायची, नाताळात झाडाला टांगायचे. त्या गावाला हिंदुस्थानातल्या एखाद्या काचकाम करणाऱ्या गावाशी नातं जोडायचं होतं. नीलांबरीनं काकांना लिहिलं, काकांनी शिवरात्रीच्या जत्रेत बंजारा बायांचे जुने पोशाख पाहिले होतेच. काच तिथं, काच इथं. बंडोपंतांनी मंडळ काढलं, रबरी शिक्का केला आणि पत्रव्यवहार चालू केला.

तांड्यावर त्यांनी सभा घेतली. "आजपासून मोहतांडा आणि बाटेनटाल ही भगिनीग्रामं झाली," ते म्हणाले.

तांड्याचा नायक प्रेमसिंग. त्याला शब्द कळला नाही. "म्हंजी काय झाली?"

"भगिनी. बहीण. तुमचं गाव आणि त्यांचं गाव, दोघी बहिणी."

"बरं," प्रेमसिंगनं विचार केला. "मंग थोरली कोन?"

सभा हसली. बंडोपंतही हसले, आणि हसण्यावारी नेऊन पुढं बोलत राहिले. तिथंच चूक झाली. बंडोपंतांच्या लेखी तो शब्द शिक्क्यावर मारण्यापुरता होता. तांड्यानं तो जसाच्या तसा घेतला. बाटेनटाल हे नाव बायकांच्या तोंडी बसेना, आमच्या बाटीसारखं, म्हणजे भाकरीसारखं, काहीतरी आहे म्हणून त्यांनी त्याचं बाटीगाव केलं. बाटीगावची बहीण यायची आहे म्हटल्यावर घरं सारवली गेली, ट्रंका उघडल्या, फेटिये उन्हात पडले.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बंजाऱ्यांत बहिणी-बहिणी, मायलेकी फार दिवसांनी भेटल्या की "कशी आहेस" म्हणत नाहीत. गळ्यात गळा घालतात आणि मोठ्यानं, सुरात रडतात; यालाच भेटणं म्हणतात. मधल्या काळात कोण मेलं, कोणाचं काय झालं, तुझी किती आठवण आली, हे सगळं त्या रडण्यात गाऊन सांगायचं असतं. रडणं पुरं झालं की डोळे पुसायचे, पाणी प्यायचं आणि हसत घरात जायचं. न रडता बहिणीला घरात घेतलं, तर तिला परकी मानली असा त्याचा अर्थ होतो.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत पाहुणे आले. सहा जण होते, त्यांत एक उंच, पांढऱ्या केसांची म्हातारी, हेडविग नावाची. तिचे गाल जरा लोंबते होते, जन्मभर काच फुंकून झालेले. मंडप होता, हार होते, बंडोपंतांचं भाषण खिशात तयार होतं. गाडीतून हेडविग उतरली तशी भिकाबाई पुढं झाली. अंगावर आईची काचळी होती. तांड्यातली सगळ्यात जुनी काच तिच्या अंगावर, म्हणून बायकांनी तिलाच पुढं केलं होतं. तिनं म्हातारीच्या गळ्याला मिठी घातली आणि रडायला सुरुवात केली. मागच्या पंधरा-वीस बायकांनी सूर धरला.

"बाई गं, किती लांब दिली होती तुला, किती वर्सांनी आलीस गं," असं भिकाबाई गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत, रडत होती. ते कळणारं त्या गाडीत कोणी नव्हतं. पाहुणे जागच्या जागी थिजले. एका बाईनं कॅमेरा खाली केला. त्यांच्या नगरपालिकेचा एक गृहस्थ होता, तो इंग्रजीत विचारायला लागला की इथं कोणी वारलं आहे काय, या बायकांवर कसला जुलूम चालला आहे काय. बंडोपंतांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो बाई, रडू नका! रडू नका म्हणतो ना!" ते ओरडत होते. जितकं ते ओरडले तितक्या बायका जोरात रडल्या, कारण भेटीत कोणीतरी "रडू नका" म्हणायचंच असतं.

घाबरली नाही ती एकटी हेडविग. पहिल्यांदा ती ताठ झाली, मग तिचे हात भिकाबाईच्या पाठीवर आले, आणि मग ती म्हातारीही रडायला लागली. खरं रडली. सूर नव्हता तिला, पण रडणं चोख होतं, हे भिकाबाईनं पुढं शंभरदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही तो भाग वेगळा.

बाकीचे गोंधळ निस्तरत होते तेव्हा या दोघी मंडपाच्या खांबाशी उभ्या राहिल्या. हेडविगनं डोळे पुसले आणि काचळीवरच्या एका काचेवर बोट फिरवलं. बोट थांबलं. पुन्हा फिरवलं. तिनं चष्मा चढवून ती काच उन्हाकडं धरली, तिचा बाक पाहिला, आणि दोन्ही गाल फुगवून फुंकल्याची खूण केली. भिकाबाईनं मान हलवली. हेडविगनं हातानं गोल दाखवला. भिकाबाईनं त्या हवेतल्या गोळ्यावर कात्रीची टिचकी मारल्याची खूण केली आणि फुटल्यासारखी बोटं पसरली. म्हातारीचा जबडाच खाली आला. मग दोघी ओल्या डोळ्यांनी अशा हसल्या की प्रेमसिंगला वाटलं, उन्हानं झालं असावं. चार हातांनी झालेलं ते बोलणं तिसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाहुणे ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच गेले. दोन महिन्यांनी बाटेनटालहून पत्र आलं. तांड्यावरच्या स्त्रिया अतिशय दुःखात दिसल्या, कार्यक्रम त्यांच्यावर लादलेला असावा अशी शंका येते, सबब मैत्रीचा प्रस्ताव तूर्त थांबवत आहोत. नीलांबरीच्या नवऱ्याला गावात मान खाली घालावी लागली, तिनं काकांना पत्र लिहायचं सोडलं. बंडोपंत एकदाच तांड्यावर आले आणि चारचौघांत भिकाबाईला म्हणाले, "बाई, दोन वर्षं मी पत्रं लिहिली. तुम्ही पाच मिनिटांत त्याचं मातेरं केलंत."

"काका, तुमीच बहीन म्हनले ना," भिकाबाई म्हणाली.

"म्हणायची पद्धत असते ती!"

"आमच्यात न्हाई तशी पद्दत."

पण तांड्यानंही तिचीच चूक काढली. बाटीगावची काच येणार, बायकांना काम मिळणार, अशी हवा झाली होती. रडल्या सगळ्याजणी होत्या, पण पुढं भिकाबाई होती. बघता बघता "भिकाबाईचं रडणं" हा शब्द पडला. पोरं भांडताना एकमेकांना म्हणायची, "रडू नको, बाटीगाव जाईल."

या थट्टेनं भिकाबाई आतून पार खचली. रडण्याची तिनं धास्तीच घेतली. त्या दिवाळीनंतर मिराबाई बाळापूरहून यष्टीनं आली, दोन वर्षांनी आली होती, मध्ये तिचा जावई गेला होता. अंगणातूनच तिनं हात पसरले आणि सूर लावला. शेजारच्या दारात दोन सुना तोंडाला पदर लावून हसत होत्या. भिकाबाईनं ते पाहिलं आणि तिचा गळा बंद झाला. "ये, बस. पानी घे," एवढंच ती म्हणाली.

मिराबाईचे हात तसेच राहिले. "काहून गं? मी मेले का तुला?"

"तसं न्हाई, मिरा..."

"माझ्या लेकीचं कुकू गेलं आन् तुझ्या डोळ्याला पानी न्हाई?"

ती घरात आलीच नाही. पिशवी उचलली आणि आल्या पावली परत फाट्यावर गेली. त्यानंतर तिचा निरोप नाही, सांगावा नाही. भिकाबाई महिनाभर जेवल्या न जेवल्यासारखं करत होती. परक्या बहिणीला रडली म्हणून तांडा हसला आणि सख्खीला रडली नाही म्हणून सख्खी गेली. माणसानं करावं तरी काय?

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात औंढ्याला डोळ्यांचं शिबिर होतं. शिला आईला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, उजवा गेलेला आहे, डाव्याचं बघू, पण भरवसा देता येत नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बंडोपंतांच्या घरच्या कालिंदीबाई भिकाबाईकडून सीताफळं घ्यायच्या, तेवढ्या ओळखीवर दोघी पाणी प्यायला त्यांच्या दाराशी टेकल्या. नवरा रागावला तरी कालिंदीबाईंनी कधी तोंड फिरवलं नव्हतं. त्यांनी दोघींना आत बोलावलं.

भिकाबाई भिंतीला टेकून बसली आणि एकदम उठून उभी राहिली. तिच्या धुरकट डोळ्याला शोकेसमध्ये एक उजेड दिसत होता. नुसता लखलखीत नव्हे, तो सगळ्या बाजूंनी एकदम येत होता. असा उजेड तिनं बाहत्तर सालानंतर पाहिला नव्हता.

"ते काय हाय, ताई?"

"तो होय? तुमच्या त्या जर्मन बाईनं पाठवलेला गोळा," कालिंदीबाई म्हणाल्या. "दीड वर्ष झालं असेल. तेवढा एकच अख्खा आला हो, बाकी सगळा खोका फुटका."

आतून बंडोपंत आले. ते जरा वरमलेले होते, आणि वरमलेला माणूस जास्तच तपशिलात बोलतो तसे बोलले. पार्सल मंडळाच्या नावे आलेलं. पुठ्ठ्याचा मोठा खोका, आत दहा खण. नऊ खणांत काचांचा चुरा आणि एकात तेवढा हा. पत्र होतं, पण जर्मनमधलं. नीलांबरीला कोणत्या तोंडानं पाठवणार? त्यांनी इंग्रजीत उत्तर धाडलं की सर्व माल वाटेत फुटला, कृपया पुन्हा पाठवू नये.

"आन् फुटकी काच?" भिकाबाईनं विचारलं.

"लेकरांच्या पायात जाईल म्हणून उघड्यावर नाही टाकली मी," बंडोपंत जपून म्हणाले. "तेव्हा आमच्या न्हाणीचं काम चाललं होतं. गवंडी भराव मागत होता. फरशीखाली घातली सगळी."

भिकाबाई खाली बसली. "काका," ती म्हणाली, "काच फोडूनच लागती."

"म्हणजे?"

"गोळा आमी फोडतो. फोडल्याबगर काच कशी निघंल? तुमी इतकी पत्रं लिवली, काचेची बहीन जोडली, आन् येवढं बी इचारलं न्हाई?"

बंडोपंत वाईट माणूस नव्हते. मंडळ त्यांनी काढलं, शिक्का त्यांनी केला, काचकलेवर छापील पत्रक काढलं, पण काच कापतात कशी ते पाहायला कधी कोणाच्या दारात बसले नाहीत, आणि ते त्या घडीला त्यांचं त्यांनाच कळलं. कालिंदीबाई मात्र भलत्याच विचारात पडल्या होत्या.

"अहो, पण पुड्या होत्या," त्या म्हणाल्या.

"कसल्या पुड्या?"

"त्या नऊ खणांत. पातळ कागदाच्या पुड्या होत्या, लहान-मोठ्या. दोऱ्यानं बांधलेल्या."

"गोळे गुंडाळले असतील, आतल्या आत फुटले."

"फुटल्यावर पुडीचा आकार बदलला आणि दोरा तसाच ताठ राहिला?" कालिंदीबाई शोकेसकडं गेल्या. गोळ्याच्या खाली घडी घालून त्यांनी ते पत्र ठेवलं होतं. त्यांनी ते शिलाच्या हातात दिलं. "तू शिकलेली आहेस. कुठून तरी वाचून आण, बाई."

शिलाला जर्मन वाचणारं माणूस मिळायला चार महिने लागले. तिच्या कॉलेजातल्या एका मॅडमची ओळख औरंगाबादला निघाली, तिकडून भाषांतर टाइप होऊन पोस्टानं आलं. शिलानं ते एकटीनं वाचलं नाही. आईला घेऊन ती थेट औंढ्याला बंडोपंतांच्या घरी गेली. ज्यानं पत्र दाबून ठेवलं त्याच्यासमोरच ते वाचायचं, असं तिनं ठरवलं होतं. आईचा मऊपणा तिच्यात नव्हता. आईचं डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तोवर होऊन गेलं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. भिकाबाईला उजेड-अंधार तेवढा कळत होता.

शिला वाचायला लागली. पुढचं भाषांतर त्या औरंगाबादच्या बाईंचं.

"प्रिय काचेच्या बहिणी, तुझं नाव मला नीट लिहिता येत नाही. मी ती म्हातारी, जिच्या गळ्यात तू पडलीस. आमच्या लोकांना वाटलं तुम्ही संकटात आहात. मी त्यांना सांगितलं की तसं नाही, पण का नाही ते मला सांगता आलं नाही. मला एक बहीण होती, हाना. ती गेली तेव्हा मी भट्टीवर होते, नाताळाची घाई होती, माझं रडायचं राहून गेलं. ते तुझ्याजवळ झालं. आम्ही हे गोळे झाडाला टांगतो आणि फुटले की केरात टाकतो. साठ वर्षं मी गोळे फुंकले आणि साठ वर्षं फुटलेले झाडून काढले. फुटल्यावर ते कोणी अंगावर मिरवतं, हे मला तुझ्या चोळीनं सांगितलं. अख्खे पाठवले तर वाटेत चुरा होईल, म्हणून मीच नीट फोडून, मोठ्या कपच्या वेगळ्या, लहान वेगळ्या, अशा पुड्या बांधल्या आहेत. एक गोळा मात्र अख्खा ठेवला आहे. तो तू फोड. संपले की कळव. माझे गाल चालतात तोवर पाठवीन."

बंडोपंतांनी चष्मा काढून हातात धरला होता. पुन्हा पाठवू नये, हे वाक्य त्यांच्याच अक्षरात त्या म्हातारीच्या दारात जाऊन पडलं होतं.

"मी आज पत्र लिहितो," ते म्हणाले. "माझी चूक होती असं लिहितो. भिकाबाई, फरशी उखडून काढू का? आत्ता गवंड्याला बोलावतो."

"न्हाई काका. चुन्यात, पान्यात दोन वर्सं... पारा उडला असंल समदा." तिनं हात पुढं केला. "ताई, गोळा द्या. आन् एक परात पानी."

"याडी, थांब," शिला घाईनं म्हणाली. तांड्यावर आईला याडी म्हणतात. "एकच तर हाय. ठिवू या ना आठवन म्हनून."

"तिनं फोड म्हनलंया."

"पण तुला दिसून न्हाई राह्यलं."

"म्हनून तर तू."

कालिंदीबाईंनी परात भरली. पाणी सांडणार म्हणून न्हाणीतच बसायचं ठरलं. भिकाबाई त्या फरशीवर मांडी घालून बसली. बसण्याआधी तिनं तळहात फरशीवर सपाट ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग गोळा मांडीत घेऊन तिनं शिलाच्या हातात कात्री दिली, उलटी, मुठीकडून पुढं. शिलाचं मनगट तिनं आपल्या हातात धरलं.

"जोर न्हाई लावायचा. दारावर टकटक करतेस तितकंच."

टिचकी बसली. गोळा फुटला. दारात उभे असलेले बंडोपंत हां हां म्हणत पुढं झाले आणि मग शरमून मागं सरले. कपच्या परातीत गेल्या. शिलानं पहिली कात्री घातली ती पाण्याच्या जरा वर, आणि काच आडवी तडकली. दुसरी तशीच गेली. भिकाबाईनं तिचा हात धरून मनगटापर्यंत पाण्यात दाबला. "हितं. खाली. पान्यात भ्यायचं काम न्हाई." तिसरी वाकडी निघाली. चौथी गोल निघाली. शिलानं ती उचलून आईच्या तळहातावर ठेवली. भिकाबाईनं अंगठा कडेवरून फिरवला, मग पाठीवरून फिरवला, बाक चाचपला. पुन्हा एकदा फिरवला.

"बराबर," ती म्हणाली.

आणि मग तिचा सूर लागला. दोन वर्षं गळ्यात अडकलेला होता तो सगळा बाहेर आला. तळहात फरशीवर टेकवून ती हेडविगला, तिच्या हेडीबाईला, रडली, तिच्या हानाला रडली, फरशीखाली गेलेल्या नऊ खणांना रडली, मिराबाईच्या जावयाला रडली. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. बंडोपंतांची चलबिचल झाली, सवयीनं त्यांचा हात वर गेला, पण कालिंदीबाईंनी तो धरला आणि स्वतः न्हाणीत जाऊन, त्या ओल्यात, भिकाबाईच्या शेजारी बसल्या. त्यांना ते रडणं येत नव्हतं. त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

रडणं पुरं झालं. भिकाबाईनं डोळे पुसले, पाणी मागितलं, तांब्याभर पाणी प्याली. शिलानं तोवर आणखी सात काचा कापल्या होत्या. एका गोळ्यात साठेक निघतील, एका काचळीची बाहीसुद्धा भरायची नाही, हे भिकाबाईला न बघता कळत होतं.

"आता टाका शिकायचा," ती शिलाला म्हणाली. "तो मला न्हाई येत. मिराला येतो. बाळापूरला सांगावा धाड. म्हनावं, ये. घरात घ्यायच्या आधी भेटायचंया, मागल्या खेपंला राह्यलं."